चिनीमातीच्या पाटीवरील प्रीतिकथा

चिनीमाती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती लोणच्याची बरणी. खांद्याशी तपकिरी, खाली पांढरट, तोंडाला फडके बांधून फडताळात जपून ठेवलेली. तिला आपण चिनीमातीची म्हणतो खरे. पण अस्सल चिनीमाती तिच्याहून पुष्कळ निराळी. अस्सल मातीचा पातळ पेला उजेडासमोर धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते, आणि नखाने टिचकी मारली तर लहान घंटेसारखा नाद येतो.

आज मी आपल्याला जी हकीकत सांगणार आहे ती ह्या अस्सल मातीची आहे. आणि तीही भांड्याची नव्हे, पाटीची. चीन देशात ह्या मातीच्या सपाट पाट्या भाजून त्यांवर रंगीत चित्रे काढण्याची मोठी परंपरा आहे. शाळेतल्या दगडी पाटीएवढ्या लहान पाट्या असतात, तशा दाराच्या फळीएवढ्या उंचही असतात. त्या लाकडी चौकटीत बसवून भिंतीला लावायच्या, नाहीतर आडपडद्याच्या, कपाटाच्या लाकडात जडवायच्या. पुष्कळदा चार पाट्यांचा एक संच असतो. त्यांवर डोंगर, नद्या, फुले, पक्षी असतातच. पण एक विषय पुन्हा पुन्हा येतो, आणि तो म्हणजे जुन्या कथांतली प्रेमी जोडपी.

आता इथे एक प्रश्न उभा राहतो. जुन्या चीनमध्ये लग्ने ठरवायची ती आईबापांनी आणि मध्यस्थाने. मुलीला कोणी विचारीत नसे, मुलालाही क्वचितच. मग त्याच समाजाने, घरच्यांना न जुमानता एकमेकांवर जीव लावणाऱ्या जोडप्यांची चित्रे आपल्या बैठकीत का बरे लावावीत? हा प्रश्न ध्यानात ठेवा. आधी पाटी कशी तयार होते ते पाहू, मग तिच्यावरची चित्रे वाचू.

चीनच्या आग्नेय भागात ज्यांगशी नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतात जिंगदेजेन हे गाव आहे. इ. स. १००४ साली सुरू झालेल्या राजशकावरून त्या गावाला हे नाव मिळाले, आणि तेव्हापासून आजतागायत ते चिनीमातीचे गाव म्हणूनच ओळखले जाते. तिथे दोन वस्तू जवळपास सापडतात. एक पांढरी माती. ती गावलिंग नावाच्या ठिकाणी निघे, म्हणून साऱ्या जगात तिला केओलिन म्हणतात. दुसरी वस्तू म्हणजे एक प्रकारचा दगड. हा दगड पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या लाकडी घणांनी कुटायचा, त्याची पूड पाण्यात कालवून गाळायची आणि पांढऱ्या विटा पाडायच्या. माती आणि दगड यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १३०० अंश उष्णतेला भाजले की दगडाचा अंश वितळून काचेसारखा होतो व मातीचा अंश त्याला सावरून धरतो. चिनीमातीचे सारे रहस्य ह्या जोडीत आहे.

वाडगा घडवण्यापेक्षा पाटी घडवणे कठीण, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. सपाट फळी ती, तिच्यात अवघड ते काय? पण उन्हात वाळत घातलेला पापड पाहा. तो कडेने कसा वळतो! ओली माती वाळताना आणि भाजताना चांगलीच आटते. गोल भांड्याला आपल्या गोलाईचा आधार असतो, ते सगळीकडून सारखे आटते. पाटीला तसला आधार नाही. एक कड लवकर वाळली, एका बाजूला आच अधिक लागली, की ती वाकते किंवा तडकते. म्हणून मोठी, सरळ, बिनतड्याची पाटी म्हणजे कारागिराच्या हाताची परीक्षाच.

पाटी भाजून, तिच्यावर काचेसारखी झिलई चढून ती भट्टीबाहेर आली म्हणजे चितारी तिला हात लावतो. त्याचे रंग म्हणजे रंगीत काचेची बारीक पूड, असे समजा. आपल्या बायका हातात बांगड्या भरतात, त्यांतली हिरवी-तांबडी काच कुटून वस्त्रगाळ केली तर जे होईल, त्याच जातीचे. ही पूड तेलात किंवा पाण्यात खलून कुंचल्याने लावायची, आणि पाटी पुन्हा भट्टीत घालायची; पण ह्या वेळी आच मंद, सुमारे ७०० ते ८०० अंश. तेवढ्या आचेने खालची झिलई हलत नाही, वरचे रंग मात्र वितळून तिला घट्ट चिकटतात. गुलाबी रंगासाठी तर त्यात सोन्याचा सूक्ष्म अंश घालतात. ही गुलाबी छटा इ. स. १७२० च्या सुमारास चीनमध्ये रूढ झाली, आणि स्त्रियांचे गाल, फुलांच्या पाकळ्या, रेशमी वस्त्रे यांना चित्रात जीव आला.

गंमत अशी, की भाजण्यापूर्वी हे रंग खरे दिसतच नाहीत. गुलाबी मळकट दिसतो, हिरवा फिका दिसतो. चितारी रंगवतो ते डोळ्यांनी पाहून नव्हे, तर अनुभवाने. भट्टी उघडल्यावरच खरे चित्र त्याच्या पुढ्यात येते. पण एकदा ते आले की उन्हाने विटत नाही, पाण्याने धुपत नाही. कागदावरचे चित्र पन्नास-शंभर वर्षांत पिवळे पडते, रेशमावरचे विरते. पाटी फुटेल, पण तिचा रंग उडणार नाही.

ही चित्रे काढणारे हात कोणाचे? शेकडो वर्षे त्या हातांना नावच नव्हते. फ्रान्स्वा द आंत्रकोल नावाचा एक फ्रेंच पाद्री जिंगदेजेनला राहिला होता. त्याने इ. स. १७१२ साली मायदेशी लिहिलेल्या पत्रात तिथल्या कामाची विस्ताराने माहिती दिली आहे. एक भांडे पुरे होईपर्यंत ते सत्तर माणसांच्या हातांतून जाते, असे त्याने ऐकले. एकाने नुसती काठाची रेघ ओढायची, दुसऱ्याने फुलाची बाह्यरेषा काढायची, तिसऱ्याने रंग भरायचा. डोंगर काढणारा माणूस काढी, त्यात नाव कोणाचे घालणार?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे पालटू लागले. काही चितारी संपूर्ण चित्र स्वतःच काढू लागले, आणि कागदावरच्या चित्रकारासारखे पाटीवर चार ओळी लिहून खाली आपले नाव घालू लागले. १९११ साली क्रांती झाली, राजघराणे गेले आणि शाही भट्ट्यांचा आश्रय संपला. चांगले कारागीर उघड्यावर पडले. आता गिऱ्हाईक म्हणजे व्यापारी, वैद्य, शिक्षक, अंमलदार. ह्यांना घरात लावायला किंवा भेट द्यायला पाट्या हव्या असत. त्या काळचा प्रसिद्ध चितारी वांग ची (१८८४ ते १९३७) आधी पिठाची रंगीत माणसे वळून विकत असे, आणि त्यातूनच तो चिनीमातीकडे वळला. त्याच्या पुढाकाराने १९२८ साली काही चितारी दर पौर्णिमेला जमू लागले. गावातल्या जूशान टेकडीवर पूर्वी शाही भट्ट्या होत्या. त्या टेकडीवरून ह्या मंडळींना 'जूशानचे आठ मित्र' असे नाव पडले. त्यांच्यात माणसांची चित्रे काढण्यात वांग ची आणि वांग दाफान (१८८८ ते १९६१) ह्या दोघांचा हातखंडा होता.

शिक्षक बंधुभगिनींसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ह्या पाट्यांवर साल लिहिलेले असते ते आकड्यांत नव्हे, तर साठ वर्षांच्या चक्रातल्या नावाने. आपल्या पंचांगात प्रभव, विभव अशी साठ संवत्सरे असतात ना, अगदी तसेच. साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येते. म्हणून नुसत्या नावावरून साल ठरत नाही. चितारी कोण, रंग कसे, हे पाहून मग वर्ष ठरवावे लागते.

आता चित्रे वाचू या. होय, वाचूच या. कारण ही चित्रे निरक्षर माणसालाही वाचता यावीत अशीच काढलेली असतात. प्रत्येक कथेची खूण ठरलेली. आपण मोरपीस पाहून कृष्ण ओळखतो आणि धनुष्य पाहून राम ओळखतो, तशीच तिकडची रीत.

पहिल्या पाटीवर एक माणूस आहे आणि एक बैल आहे. मध्ये ढगांची की लाटांची एक नदी. पलीकडे आकाशात एक स्त्री, हातात विणकराचा धोटा. वर काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांची रांग. बैल, नदी, धोटा, पक्षी: हा झाला गुराखी न्यूलांग, आणि ती विणकरीण जिन्यू.

ही कथा शेतकऱ्याच्या घरातली आहे. न्यूलांग पोरका, थोरल्या भावाकडे राहायचा. भावजयीला तो नकोसा झाला. वाटणी झाली तेव्हा घर, शेत सगळे भावाला, आणि ह्याच्या वाटणीला एक म्हातारा बैल. पण तो बैल बोलणारा होता. त्याने सांगितले, अमक्या तळ्यावर स्वर्गातल्या मुली आंघोळीला येतात, त्यांतल्या एकीचे वस्त्र लपवून ठेव. न्यूलांगने तसे केले, आणि देवांसाठी आकाशातले ढग विणणारी जिन्यू पृथ्वीवर राहिली. दोघांचा संसार झाला, एक मुलगा, एक मुलगी झाली. पण स्वर्गाच्या राणीला ते खपले नाही. तिने जिन्यूला ओढून वर नेले. मरताना बैल सांगून गेला होता, की माझे कातडे जपून ठेव, अडचणीला पांघर. गुराख्याने ते पांघरले, दोन मुले दोन टोपल्यांत घालून खांद्यावर कावड घेतली आणि तो आकाशात धावला. आता हात पोचणार, तोच राणीने केसातला काटा काढून दोघांमध्ये रेघ ओढली. त्या रेघेची नदी झाली. हीच आकाशगंगा, चिनी लोक तिला रुपेरी नदी म्हणतात. तेव्हापासून वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सप्तमीला, हजारो पक्षी जमून त्या नदीवर पूल बांधतात आणि दोघांची भेट होते. हे पक्षी कावळ्याच्याच कुळातले, मॅगपाय नावाचे. त्या रात्री पाऊस पडला तर लोक म्हणतात, जोडपे रडते आहे.

चीनचा सातवा महिना म्हणजे बहुतेक वर्षी आपला श्रावणच. अधिक मास आडवा आला नाही तर त्यांची ही सप्तमी आपल्या नागपंचमीच्या एक-दोन दिवस पुढेच येते. त्या रात्री तिकडच्या मुली चंद्राच्या उजेडात सुईत दोरा ओवीत आणि विणकरणीकडे हाताला कसब मागत. आणि हे जोडपे आपल्या ओळखीचेच आहे बरे का! जिन्यू म्हणजे आपला अभिजित तारा. न्यूलांग म्हणजे आपला श्रवण. श्रवणाच्या दोन बाजूंना दोन बारीक तारे आहेत. आपण म्हणतो, ही श्रवणबाळाची कावड, दोन पारड्यांत आंधळे आईबाप. चिनी शेतकरी म्हणतो, ही न्यूलांगची कावड, दोन टोपल्यांत त्याची पोरे. तारे तेच, कावडही तीच. इकडे मुलगा आईबापांना वाहतो आहे, तिकडे बाप लेकरांना वाहतो आहे.

दुसऱ्या पाटीवर दोन तरुण विद्यार्थी पुलावरून चालले आहेत, मागे पुस्तकांचे ओझे घेतलेला पोरगा आहे. पण वर दोन फुलपाखरे उडत आहेत, आणि ती पाहताच प्रेक्षक ओळखतो, की ह्या दोघांतला एक विद्यार्थी मुलगी आहे. ही जू यिंगताय. मुलींना शाळा नव्हती, म्हणून बापाला विनवून ती पुरुषवेषात हांगचौ गावी शिकायला गेली. तिथे ल्यांग शानबो तिचा सोबती झाला. तीन वर्षे एकत्र शिकूनही त्या भाबड्याला काही कळले नाही. नाटकात तर एकदा तो तिचे टोचलेले कान पाहून चकित होतो; ती झटकन उत्तर देते, गावच्या जत्रेत मी देवीचे सोंग घेतो, म्हणून कान टोचले. पुढे ती घरी परतते, शानबोला खरे कळते आणि तो मागणी घालायला जातो. पण बापाने तिला श्रीमंताघरी देऊन टाकलेली असते. शानबो झुरून मरतो. तिच्या लग्नाची मिरवणूक त्याच्या थडग्याजवळ येताच वादळ सुटते, थडगे उघडते, ती आत उडी घेते, आणि दोन फुलपाखरे बाहेर पडतात.

तिसऱ्या पाटीवर प्रेमी जोडपे नाहीच. हातात काठी घेतलेली संतापलेली मालकीण, आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेली दासी. ही होंगन्यांग. सुमारे सातशे वर्षांपूर्वी वांग शिफू याने लिहिलेल्या 'पश्चिम दालन' नावाच्या नाटकातला हा प्रसंग. दरोडेखोरांनी वेढा घातला तेव्हा मालकिणीने शब्द दिला होता, की जो आम्हाला सोडवील त्याला मुलगी देईन. जांग नावाच्या गरीब विद्वानाने मित्राची फौज बोलावून त्यांना सोडवले. मग बाईसाहेब शब्दाला नाकारल्या. मुलगी यिंगयिंग आणि जांग यांच्या चिठ्ठ्या ह्या दासीने पोचवल्या, म्हणून तिच्यावर काठी उगारली आहे. पण होंगन्यांग डरत नाही. ती म्हणते, दोष त्यांचा नाही, माझाही नाही. शब्द मोडला तो आपण. मालकिणीला उत्तर सुचत नाही. ह्या दासीची कीर्ती एवढी झाली, की चिनी भाषेत लग्न जुळवून देणाऱ्या माणसाला आजही होंगन्यांग म्हणतात.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. अशी चित्रे घरात का लावीत? मला वाटते, दोन कारणे आहेत. ह्या कथा जत्रेतल्या नाटकांतून सर्वांच्या ओळखीच्या झालेल्या. आणि त्यांतल्या पहिल्या दोन आकाशात किंवा फुलपाखरांत संपतात. मेल्यावर भेट झाली तर घरची रीत मोडत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांनाही त्यांची धास्ती वाटली नसावी. पण तीच पाटी रोज पाहणाऱ्या घरच्या सुनेला आणि लेकीला काय दिसत असेल? तिला शाळेत गेलेली मुलगी दिसत असेल, मालकिणीला ठणकावणारी दासी दिसत असेल. जे घरात तोंडाने बोलता येत नव्हते, ते भिंतीवर रंगात लिहिलेले होते. आणि सरळच बोलायचे तर विणकरणीच्या कथेत तिची संमती गुराख्यानेही विचारली नाही, तिचे वस्त्र लपवले. यिंगतायने मात्र आपली वाट स्वतः निवडली. ह्या दोन पाट्या शेजारी ठेवून पाहिल्या तर बाईच्या मनाचा केवढा प्रवास दिसतो!

१ मे १९५० रोजी चीनमध्ये नवा विवाहकायदा झाला. जबरदस्तीची लग्ने आणि लहानपणीच केलेले वाङ्‌निश्चय त्याने बंद केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत यिंगतायच्या कथेवर रंगीत बोलपट निघाला, आणि १९५४ साली जिनीव्हाच्या परिषदेच्या वेळी पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी तो परदेशी पाहुण्यांना दाखवला. त्या बोलपटात नायकाचे कामही एका स्त्रीनेच केले आहे. आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीची भूमिका करीत, तिकडच्या त्या नाट्यप्रकारात उलटी तऱ्हा.

पण मग दिवस पालटले. १९६६ ते १९७६ ह्या काळात सांस्कृतिक क्रांतीच्या नावाने जुने ते सारे नाहीसे करण्याची मोहीम चालली. ठिकठिकाणी जुनी पुस्तके जाळली गेली, जुन्या वस्तू फोडल्या गेल्या. जिंगदेजेनच्या पाट्यांवर प्रेमिकांच्या जागी पुढाऱ्यांच्या तसबिरी आणि कामगार-शेतकऱ्यांचे देखावे आले. जिथे एकाने जपून ठेवले, तिथेच जुनी पाटी वाचली. ते वादळ ओसरल्यावर गुराखी, विणकरीण आणि फुलपाखरे पुन्हा पाट्यांवर आली. २००६ साली चीनने सप्तमीच्या ह्या सणाची आणि जिंगदेजेनच्या हस्तकौशल्याची नोंद आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत केली.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुंबईला सहल गेली तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू मुलांना दाखवा. तिथे पाटीच हवी असा आग्रह नको. सुरईवरचे, बशीवरचे चित्रही ह्याच रीतीने वाचता येते. माणसे कोण हे आधी विचारू नका; त्यांच्या हातात काय आहे, वर काय उडते आहे, मध्ये काय वाहते आहे, ते विचारा. आणि वर्गात मुलांना आपल्याच एखाद्या कथेचे चित्र पाटीवर काढायला सांगा. मात्र अट अशी, की नाव न लिहिता ती कथा दुसऱ्याला ओळखता आली पाहिजे.

सहल जमली नाही तरी बिघडत नाही. श्रावणात ढग असतात, तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास चांदणे नसलेल्या रात्री, दिवेलागण झाली की मुलांना अंगणात न्या. डोक्यावरून जरा पश्चिमेकडे पाहा. उत्तरेच्या अंगाचा ठळक तारा अभिजित, दक्षिणेच्या अंगाचा श्रवण, आणि मधून वाहणारा अंधुक पट्टा ती नदी. ह्या दोन ताऱ्यांमधले अंतर ओलांडायला प्रकाशालासुद्धा सुमारे १५ वर्षे लागतात. हे गणित मुलांना सांगा, श्रवणबाळाची गोष्ट सांगा, आणि गुराख्याचीही सांगा. मग श्रवणाच्या दोन्ही बाजूंचे ते बारीक तारे दाखवा आणि विचारा, ह्या कावडीत कोण बसले आहे? दोन्ही उत्तरे बरोबर धरा.